पांढऱ्या वस्त्रातील बाई : भूत, घुबड की आपलेच डोळे?

आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर किन्सेल नावाचे एक बंदर आहे. या बंदराच्या तोंडाशी चार्ल्स फोर्ट हा ताऱ्याच्या आकाराचा किल्ला उभा आहे. त्याचे बांधकाम १६७८ च्या सुमारास सुरू झाले आणि १९२२ पर्यंत तेथे इंग्रजी सैन्याचा तळ होता. या किल्ल्याची एक कहाणी त्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते.

किल्लेदाराच्या मुलीचे एका तरुण अधिकाऱ्याशी लग्न झाले. त्याच संध्याकाळी नवराबायको तटावरून फिरत असता तिला खाली कड्यात उमललेली फुले दिसली आणि ती हवीशी वाटली. पहाऱ्यावरचा शिपाई म्हणाला, "मी दोर लावून उतरतो आणि फुले आणतो; पण तोवर माझ्या जागी कोणीतरी उभे राहायला हवे." नवऱ्याने शिपायाचा डगला अंगावर चढवला, त्याची बंदूक घेतली आणि तो पहाऱ्यावर बसला. बायको आत गेली. दिवसभराच्या धावपळीने दमलेल्या नवऱ्याला तेथेच झोप लागली. रात्री किल्लेदार गस्तीला निघाला. पहारेकरी झोपलेला पाहून त्याचा संताप अनावर झाला आणि त्याने जागच्या जागी गोळी घातली. मेलेला माणूस आपलाच जावई आहे, हे कळेपर्यंत उशीर झाला होता. मुलीने तटावरून उडी घेतली आणि बापाने स्वतःला संपवले. तेव्हापासून पांढऱ्या वेषातील एक तरुणी त्या तटावरून फिरताना दिसते, असे लोक सांगतात.

विद्यार्थी मित्रहो, अशा बायका ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये जागोजागी आहेत. वेल्समध्ये ऑग्मोर नावाच्या पडक्या किल्ल्यात एक 'पांढरी बाई' पुरलेल्या धनाची राखण करते. तिने एका माणसाला अर्धे धन नेऊ दिले. तो उरलेल्या अर्ध्यासाठी पुन्हा आला, तेव्हा तिच्या बोटांच्या नख्या झाल्या आणि तिने त्याला ओरबाडले, अशी गोष्ट आहे. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात बेरी पोमरॉय नावाचा किल्ला आहे. तेथे सख्ख्या बहिणीने मत्सरापोटी तळघरात कोंडून मारलेली एक स्त्री पांढऱ्या वस्त्रात वावरते म्हणतात. आयर्लंडमधील 'बॅन्शी' तर प्रसिद्धच आहे. या शब्दाचा मूळ अर्थ 'टेकाडातली बाई' असा आहे. जुन्या घराण्यातील कोणाचा मृत्यू जवळ आला की ती रात्री घराजवळ येऊन आक्रोश करते, अशी समजूत आहे. ती दिसते त्यापेक्षा ऐकूच जास्त येते. दिसली तर बहुधा लांब मोकळ्या केसांची आणि फिकट वेषातली असते.

हे वाचताना तुम्हाला आपल्याकडच्या गोष्टी आणि चित्रपटांतली पांढऱ्या साडीतली बाई आठवली असेल. वर्गात हा विषय निघाला की एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, तुमचा भुतांवर विश्वास आहे का?" मी त्याला सांगतो की हा प्रश्न पदार्थविज्ञानाच्या फारसा उपयोगाचा नाही. विश्वास मोजण्याचे उपकरण आपल्या प्रयोगशाळेत नाही. त्याऐवजी असे विचारा : पाहणाऱ्याला नेमके काय दिसले? किती उजेडात? किती अंतरावरून? त्या वेळी त्याचा डोळा कसे काम करत होता? या प्रश्नांना उत्तरे आहेत आणि ती मोठी मनोरंजक आहेत.

पांढरेच का?

प्रथम इतिहासाकडे पाहू. मृतदेहाला गुंडाळण्याचे वस्त्र बहुधा न रंगवलेल्या कापडाचे, म्हणजे पांढरट असे. इंग्लंडमध्ये १६६६ पासून काही कायदे झाले. त्यांनुसार मृतदेह शुद्ध लोकरीच्या कफनातच पुरावा लागे. हेतू धार्मिक नव्हता, देशातल्या लोकरीच्या धंद्याला गिऱ्हाईक मिळावे हा होता! हे कायदे १८१४ साली रद्द झाले. म्हणजे दीडशे वर्षे इंग्लंडमधला माणूस आपल्या आप्ताला शेवटचे पाहायचा ते बहुधा पांढरट लोकरीत गुंडाळलेले. मेलेला माणूस परत आला तर तो कोणत्या वेषात येईल, याचे चित्र लोकांच्या मनात तयारच होते.

किन्सेलच्या नववधूचे काय? आज पाश्चात्त्य नवरी म्हटली की पांढरा झगा डोळ्यांपुढे येतो. परंतु ही प्रथा तशी अलीकडची आहे. १८४० साली व्हिक्टोरिया राणीने आपल्या लग्नात पांढरा पोशाख केला आणि त्यानंतर ती रीत पसरत गेली. त्याआधी बहुतेक वधू आपल्या जवळचा उत्तम पोशाख घालत, मग तो कोणत्याही रंगाचा असो. मग सतराव्या शतकातील वधू लग्नाच्या वेषामुळे पांढरी दिसते, असे जर कोणी म्हणू लागला, तर आपण सावध व्हायला हवे. तो तपशील पुढच्या काळातल्या सांगणाऱ्यांनी आपल्या ओळखीच्या वेषावरून भरला असण्याचा संभव मोठा आहे. लोककथा अशीच वाढते. प्रत्येक पिढी आपल्या परीने तिचे कपडे बदलते.

पण याहून मोठे कारण आपल्या डोळ्यांत आहे.

रात्रीचा डोळा

भर दुपारी सूर्यप्रकाशाची दीप्ती जमिनीवर सुमारे एक लाख लक्स असते. पौर्णिमेच्या स्वच्छ रात्री ती जेमतेम पाव लक्स भरते. म्हणजे चांदणे उन्हापेक्षा सुमारे चार लाख पटींनी क्षीण आहे. तरीही आपण चांदण्यात चालू शकतो, कारण आपल्या डोळ्यात दोन स्वतंत्र यंत्रणा आहेत.

डोळ्याच्या मागच्या बाजूस दृष्टिपटल असते. त्यावर सुमारे साठ लाख शंकुपेशी आणि सुमारे बारा कोटी दंडपेशी असतात. शंकुपेशी भरपूर उजेडात काम करतात. त्या रंग ओळखतात आणि बारीक तपशील टिपतात. उजेड मंदावला की त्या थकतात आणि काम दंडपेशींवर येते. दंडपेशी अतिशय संवेदनशील असतात, पण त्यांना रंग कळत नाहीत. शिवाय त्यांना अंधाराची पुरती सवय होण्यास अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो.

आता विचार करा. एक स्त्री फिकट पिवळा, दुसरी गुलाबी आणि तिसरी आकाशी पोशाख घालून चांदण्यात उभी आहे. दिवसा आपण या तिघींचे रंग चटकन सांगू. चांदण्यात तिन्ही पोशाख पांढरट राखीच दिसतील. म्हणजे रात्री पाहिलेली 'पांढरी बाई' खरोखर पांढऱ्या वेषातच होती, हे पाहणाऱ्याला सांगताच येणार नाही!

दुसरी गोष्ट. भर उजेडात दोन पृष्ठभागांच्या तेजस्वितेत शेकडा एक-दोन टक्क्यांचा फरक असला, तरी डोळा तो ओळखतो. मंद प्रकाशात मात्र फरक पुष्कळ मोठा असावा लागतो. पांढरे कापड त्यावर पडलेल्या प्रकाशाचा सुमारे ऐंशी टक्के भाग परत पाठवते. काळसर दगड, माती आणि झुडपे त्याच्या कितीतरी कमी. त्यामुळे रात्री बाकी सारे दृश्य एकमेकांत मिसळून जाते आणि फक्त फिकट वस्तू उठून दिसते. माणसाचे काळे बूट आणि गडद पायमोजे दिसत नाहीत. मग लोक म्हणतात, "तिला पायच नव्हते. ती जमिनीवरून तरंगत होती."

तिसरी गोष्ट सर्वांत चमत्कारिक आहे. आपण एखाद्या वस्तूकडे रोखून पाहतो तेव्हा तिची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अगदी मध्यभागी पडते. या मध्यबिंदूत शंकुपेशींची दाटी असते, पण दंडपेशी मुळीच नसतात. म्हणजे अंधारात आपण जेथे रोखून पाहतो, तेथेच आपण जवळजवळ आंधळे असतो! अंधुक वस्तू डोळ्याच्या कडेने दिसते. तिच्याकडे वळून पाहावे तर ती नाहीशी होते. भुताच्या कितीतरी हकिकतींत हेच वाक्य येते : "कडेला कोणीतरी उभे होते. मी वळून पाहिले, तो तेथे कोणीच नव्हते."

हे तुम्ही स्वतः तपासू शकता. निरभ्र रात्री गच्चीवर जा आणि अंधारात वीस-पंचवीस मिनिटे थांबा. कृत्तिकेच्या पुंजक्याजवळचा किंवा सप्तर्षींच्या आसपासचा एखादा अगदी अंधुक तारा निवडा. त्याच्याकडे सरळ पाहा. तो विझल्यासारखा होईल. आता नजर थोडी बाजूला वळवा. तो पुन्हा दिसू लागेल. खगोलनिरीक्षक ही युक्ती नेहमी वापरतात. तारा कोठेही गेलेला नसतो, फक्त त्याची प्रतिमा शंकुपेशींवरून दंडपेशींवर सरकलेली असते.

ओरडणारी बाई

आता बॅन्शीकडे वळू. ती किंचाळते, रात्री येते, पडक्या वास्तूंजवळ आणि दफनभूमीजवळ आढळते आणि आवाज न करता हवेतून सरकते. ही वर्णने एका पक्ष्याला तंतोतंत लागू पडतात. त्या पक्ष्याला आपण मराठीत गव्हाणी घुबड म्हणतो. त्याचेच भाईबंद ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये आहेत. हे घुबड चर्चच्या मनोऱ्यात, धान्याच्या कोठारात आणि पडक्या किल्ल्यांच्या भिंतींत राहते. त्याचा चेहरा बदामाच्या आकाराचा आणि पांढरा असतो. पोट आणि पंखांची खालची बाजू तर दुधासारखी असते. ते घूत्कार करीत नाही; लांब, कर्कश किंकाळी फोडते. त्याच्या पंखांच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखे बारीक दाते असतात. त्यांमुळे हवेचे भोवरे मोडले जातात आणि उडताना आवाज जवळजवळ होत नाही. शिकार शोधताना ते गवतावरून दोन-चार मीटर उंचीवर संथपणे तरंगत जाते.

आयरिश भाषेतले या घुबडाचे नावच बोलके आहे. त्याचा अर्थ 'दफनभूमीतील किंचाळणारी' असा होतो. म्हणजे तेथील लोकांना हा आवाज कोठून येतो हे ठाऊक होते. तरीही भर रात्री, घरात कोणी आजारी असताना, तीच किंकाळी ऐकू आली तर मनात काय येईल, ते सांगायला नको.

तुम्ही म्हणाल, "घुबड एवढेसे आणि बाई एवढी मोठी. दोहोंत गल्लत कशी होईल?" येथे थोडे गणित करू. वस्तू किती मोठी दिसते, हे तिने डोळ्याशी केलेल्या कोनावर अवलंबून असते. ३३ सेंटिमीटर उंचीचे घुबड १० मीटरवर खांबावर बसले आहे. १६५ सेंटिमीटर उंचीची स्त्री ५० मीटरवर उभी आहे. ३३ भागिले १० आणि १६५ भागिले ५०, दोन्हींचे उत्तर ३.३ येते. म्हणजे दोघांचा कोन सारखाच. दिवसा आपण मधली झाडे, कुंपण आणि रस्ता पाहून अंतराचा अंदाज करतो. रात्री हे सारे टेकू नाहीसे होतात. अंतर चुकले की आकार चुकलाच.

मात्र एक खबरदारी घ्या. 'सर्व पांढऱ्या बायका म्हणजे घुबडे' असा निष्कर्ष काढू नका. बॅन्शीच्या कथेमागे आणखीही काही आहे. आयर्लंडमध्ये मृताच्या घरी जाऊन सुरात शोक करणाऱ्या स्त्रिया असत. तो शोक हा तेथील समाजाचा एक मान्य विधी होता. टेकाडातली बाई हाच विधी घराण्यासाठी पार पाडते. घुबडाने फार तर तिला आवाज दिला असेल. तिचे दुःख माणसांचे आहे.

धुके आणि काच

पांढऱ्या बायका विहिरी, पूल, ओढे आणि सखल रस्त्यांवर वारंवार दिसतात. याचेही एक साधे कारण संभवते. निरभ्र, शांत रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने बाहेर टाकते. तिला लागून असलेली हवा थंड होते, जड होते आणि उतारावरून पाण्यासारखी सखल भागात वाहत जाते. तेथे ओलावा असला की धुक्याचे पट्टे तयार होतात. धुक्याचे थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास असतात, म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा पुष्कळ मोठे. म्हणून ते सर्व रंगांचा प्रकाश जवळजवळ सारखाच विखुरतात आणि धुके पांढरे दिसते. वाऱ्याची हलकी झुळूक आली की हा पट्टा उभा राहतो, वाकतो, पुढे सरकतो आणि विरून जातो. पाहणाऱ्याच्या मनात एखादी गोष्ट आधीच असेल, तर त्याला त्या पट्ट्यात झग्याचा घोळ दिसायला वेळ लागत नाही.

जुन्या वाड्यांच्या खिडक्यांत दिसणारी बाई हा आणखी वेगळा प्रकार. साधी काच तिच्यावर सरळ पडलेल्या प्रकाशाचा सुमारे आठ टक्के भाग परावर्तित करते. दिवसा काचेपलीकडून येणारा प्रकाश एवढा प्रबळ असतो की हे परावर्तन लक्षात येत नाही. पलीकडे अंधार झाला की तेच आठ टक्के पुरेसे ठरतात. मग काचेपलीकडच्या काळोखात एक अर्धपारदर्शक आकृती उभी राहते. ती आपलीच किंवा आपल्यामागे उभ्या असलेल्या कोणाची तरी असते.

लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक या संस्थेत १८६२ च्या नाताळात जॉन हेन्री पेपर यांनी याच तत्त्वावर रंगमंचावर भूत आणून दाखवले. मूळ कल्पना हेन्री डर्क्स या अभियंत्याची होती. रंगमंचापुढे प्रेक्षकांना न दिसणाऱ्या खड्ड्यात एक नट उभा करीत आणि त्याच्यावर झगझगीत प्रकाश टाकीत. रंगमंचावर एक मोठी तिरपी काच असे. प्रेक्षकांना काच दिसत नसे, पण नटाची प्रतिमा मंचावरच्या पात्रांमध्ये वावरताना दिसे. पात्राने तलवार चालवली तरी ती भुताच्या आरपार जाई!

तुम्हीही हे करून पाहा; मात्र घरातले एखादे मोठे माणूस जवळ असू द्या. खोलीत अंधार करा. टेबलावर साध्या काचेचे एक तावदान उभे धरा. काचेच्या पुढे २० सेंटिमीटरवर एक मेणबत्ती लावा आणि मधे एक पुस्तक उभे करून ती स्वतःपासून लपवा. मात्र मेणबत्ती आणि काच यांच्यामध्ये काही येऊ देऊ नका. काचेच्या मागे बरोबर तेवढ्याच अंतरावर पाण्याने भरलेला पेला ठेवा. समोरून पाहिल्यास मेणबत्ती पाण्यात जळताना दिसेल. सपाट आरशातली प्रतिमा आरशाच्या मागे तेवढ्याच अंतरावर असते, हा नववी-दहावीतला नियम तुमच्यासमोर भूत होऊन उभा राहील.

ऐकू न येणारा आवाज

१९९८ साली इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथील व्हिक टँडी या अभियंत्याने एक निबंध प्रसिद्ध केला. तो वैद्यकीय उपकरणे बनवणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करीत असे. ती जागा झपाटलेली आहे, असे सहकारी म्हणत. एका रात्री तो एकटा काम करीत बसला असता त्याला थंड घाम फुटला, कोणीतरी पाहत आहे असे वाटले आणि डाव्या डोळ्याच्या कडेला एक राखी आकृती दिसली. वळून पाहिले तर ती विरून गेली.

येथे बहुतेकांनी नोकरी तरी सोडली असती किंवा गंडा तरी बांधला असता. टँडीला तलवारबाजीचा छंद होता. दुसऱ्या दिवशी त्याने आपली तलवार दुरुस्तीसाठी शेगड्यात पकडून ठेवली, तो तिचे पाते आपोआप थरथरू लागले! त्याने पाते निरनिराळ्या जागी नेऊन पाहिले. खोलीच्या मध्यावर थरथर सर्वांत जास्त होती आणि टोकांना ती थांबत होती. ही खूण त्याला ओळखीची होती. खोलीत हवेचा एक स्थिर तरंग उभा होता. त्याची वारंवारता सुमारे १९ हर्ट्झ निघाली. माणसाला साधारणपणे २० हर्ट्झच्या खालचे आवाज ऐकू येत नाहीत. त्यांना अवश्राव्य ध्वनी म्हणतात.

गणित करून पाहा. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला, तर १९ हर्ट्झची तरंगलांबी सुमारे १८ मीटर येते. तिची निम्मी ९ मीटर, म्हणजे त्या खोलीच्या लांबीएवढी. नव्याने बसवलेल्या एका पंख्यामुळे हे घडत होते. त्याच्या बैठकीत फेरफार करताच तो तरंग नाहीसा झाला.

ही गोष्ट वर्तमानपत्रांना फार आवडली आणि 'भुताचे गूढ उकलले' असे मथळे झळकले. परंतु विज्ञान मथळ्यांवर थांबत नाही. टँडीचा अनुभव एका खोलीतला, एका माणसाचा होता. तो सर्वांना लागू पडतो का, हे तपासायला हवे होते. लंडनमधील संशोधकांनी २००९ साली एका मुद्दाम बांधलेल्या खोलीतील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. या प्रयोगात ७९ स्वयंसेवकांना एकेक करून त्या खोलीत पाठवले होते. कोणाच्या वेळी अवश्राव्य ध्वनी चालू होता, कोणाच्या वेळी चुंबकीय क्षेत्र, कोणाच्या वेळी दोन्ही आणि कोणाच्या वेळी काहीच नाही. तुम्हाला चमत्कारिक अनुभव येऊ शकतील, एवढे मात्र सर्वांना आधी सांगितले होते. पुष्कळांना तसे अनुभव आले. पण ते यंत्र चालू होते की बंद, याच्याशी त्या अनुभवांचा संबंध आढळला नाही. 'काहीतरी होईल' ही अपेक्षाच पुरेशी ठरली असावी, असे त्यांना वाटले.

म्हणजे टँडीच्या खोलीतला तरंग खरा होता; पण सगळ्या झपाटलेल्या जागांचे कारण तोच, हे सिद्ध झालेले नाही. भुताचे स्पष्टीकरणही पुराव्याच्या त्याच चाळणीतून जायला हवे, ज्या चाळणीतून आपण भुताला घालतो.

एका गवंड्याचा मृत्यू

'भूत असो वा नसो, आमचे काय बिघडते?' असे कोणी विचारील. त्याच्यासाठी शेवटची हकिकत. ती दंतकथा नाही. तिचे कागदपत्र न्यायालयाच्या दप्तरात आहेत.

१८०३ च्या अखेरीस लंडनजवळच्या हॅमरस्मिथ भागात पांढऱ्या भुताची आवई उठली. लोक घाबरून गेले आणि काही जण हत्यारे घेऊन गस्त घालू लागले. ३ जानेवारी १८०४ च्या रात्री फ्रान्सिस स्मिथ नावाचा जकात अधिकारी बंदूक भरून एका गल्लीत उभा होता. दोन्ही बाजूंना कुंपणे असल्याने गल्लीत दाट काळोख होता. समोरून एक पांढरी आकृती आली. स्मिथने "कोण आहे?" म्हणून विचारले. उत्तर आले नाही आणि आकृती पुढेच येत राहिली. त्याने गोळी झाडली.

मेला तो टॉमस मिलवुड नावाचा गवंडी. त्याच्या धंद्यातल्या लोकांची रीत होती त्याप्रमाणे त्याची तुमान, बंडी आणि अंगावरचे आच्छादन पांढरे होते. यापूर्वीही एकदा लोकांनी त्याला भूत समजले होते. म्हणून त्याच्या सासूने त्याला वरून डगला घालत जा, असे बजावले होते. स्मिथ पळून गेला नाही. तो स्वतः स्वाधीन झाला. दहाच दिवसांनी खटला चालला. पंचांना त्याची दया आली होती, पण न्यायाधीशांनी सांगितले की हा एक तर खून आहे किंवा काहीच नाही. स्मिथला फाशीची शिक्षा सुनावली गेली. पुढे ती कमी करून एक वर्षाची सक्तमजुरी करण्यात आली. आणि भूत? ती आवई उठवण्यास कारण झालेला माणूस नंतर पुढे आला. तो एक म्हातारा चांभार होता आणि आपल्या शिकाऊ पोरांना घाबरवण्यासाठी पांढरी चादर पांघरून हिंडत होता.

हा प्रकार परदेशातला आणि जुना म्हणून सोडून देऊ नका. १९५८ साली ओडिशातील रसगोविंदपूर येथे एका जुन्या विमानतळाजवळ रात्री मोहाच्या झाडाखाली मिणमिणता उजेड आणि काही आकृत्या दिसल्या. तेथे भुते असल्याची वदंता होतीच. एका माणसाने धावत जाऊन त्या आकृत्यांवर कुकरीने सपासप वार केले. त्या आकृत्या म्हणजे कंदील घेऊन मोहाची फुले वेचायला आलेल्या गरीब आदिवासी स्त्रिया होत्या. त्यांतली एक मरण पावली आणि इतर जखमी झाल्या. तो माणूस खरोखरच भुतांच्या समजुतीने वागला, हे मान्य करून न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले आणि उच्च न्यायालयातही तो निर्णय कायम राहिला.

मित्रहो, या दोन्ही ठिकाणी भूत कोणाला चावले नाही. मारले ते माणसानेच, आणि मेले तेही माणूसच : पांढऱ्या कपड्यांतला एक मजूर आणि पोटासाठी फुले वेचणारी एक बाई. मंद उजेड, दंडपेशींना न कळणारा रंग, चुकलेले अंतर आणि मनात आधीच भरलेली गोष्ट, एवढी सामग्री त्याला पुरली.

म्हणून आजीने सांगितलेली भुताची गोष्ट जरूर ऐका. तिला हसू नका. तिच्यात जुन्या माणसांचे दुःख आणि भीती साठवलेली असते. किन्सेलची नववधू तटावर फिरो न फिरो, खातरी न करता झाडलेल्या गोळीने घर कसे बुडते, हे ती कथा सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या किल्ल्याच्या नावाने आजही सांगत आहे. पण रात्री वाटेत कधी पांढरे काही दिसले, तर दगड उचलण्याआधी थांबा. नजर थोडी बाजूला वळवून पुन्हा पाहा. हातात विजेरी असेल तर तिचा झोत टाका. आणि हाक मारून उत्तर आले नाही, तर समोरचा बहिरा असू शकतो, घाबरलेला असू शकतो, ही शक्यता आधी मनात आणा.